पायरीखालचा क्रूस

हसू नका म्हणालो तरी तुम्ही हसणारच, तेव्हा आधी चहा संपवून घ्या. ठसका लागला तर मी जबाबदार नाही!

मी पवनीच्या शाळेत इतिहासाचा मास्तर. आमच्या पवनीत घराचा पाया खणायला जावं, तर खाली दोन हजार वर्षांपूर्वीची वीट निघते! त्यामुळे कुठलाही दगड दिसला की आधी त्याचं वय विचारायचं, ही आमची खोड.

जवळच्या खेड्यात माझं घर, आणि घराला लागून पंचवीस वर्षांचं छोटंसं चर्च. तिथले फादर वसईकडचे. रौप्यमहोत्सवाला त्यांच्या किनाऱ्यावरून बसभर पाहुणे येणार होते. चर्चची व्यवस्था बघणारे जोसेफभाऊ काळजीनं अर्धे झाले होते.

"सर, त्यायचे चर्च पोर्तुगीजायच्या काळातले! भंडारा जिल्ह्यातून गोंदिया फुटला ना, तसे त्यायचे धर्मग्राम, म्हंजे एकेका चर्चचे इलाखे, कवा फुटले, घंटा कवा आली, समदं लिहून हाये. अन् आपलं तं टिनाचं छप्पर! पाहुण्यायपुढं मान खाली नोको जायले. एक पान इतिहास लिहून द्या ना."

"एकच पान कायले? मान अशी वर करून देतो का पाहातच राहाल!"

बोलून तर बसलो. पण पंचवीस वर्षांत इतिहास आणायचा कुठून?

आणि काय सांगू, दुसऱ्याच दिवशी सापडला! चर्चची हलणारी पायरी गवंड्यानं उलटवली. दगडाच्या खालच्या बाजूला चक्क कोरीवकाम! एक चौकोन, त्यात उभी-आडवी रेघ, म्हणजे क्रूस. चार कोपऱ्यांत चार खळगे, म्हणजे बायबलातली चार शुभवर्तमानं! कडेला आरपार भोक, तिथं नक्कीच पताका रोवत असणार. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"पण सर, चर्च तं पंचवीसच वर्साचं हाये," जोसेफभाऊ म्हणाले.

"चर्च पंचवीसचं. दगड? किनाऱ्यावरून निघालेला एखादा पाद्री चारशे वर्षांपूर्वी वैनगंगेपर्यंत आला नसेल कशावरून?"

फादर हळूच म्हणाले, "सर, दगड कुणी दिला होता, ते गावात विचारू या का?"

"फादर, पुरावा समोर असताना विचारायचं काय?"

मी चांगली अकरा पानं लिहिली! स्मरणिका छापून आली. दगड धुऊन, झेंडूचा हार घालून मंडपात मांडला.

महोत्सवाच्या दिवशी मी असा काही बोललो की विचारू नका. पाहुणे फोटो काढताहेत, वसईच्या एका आजींनी तर दगडासमोर मेणबत्ती लावली. जोसेफभाऊंची छाती फुगलेली. आणि मुलाचं भाषण ऐकायला पहिल्या रांगेत बसलेली माझी आई एकदम उठली.

"काहून रे, हा तं आपल्या कोठ्यातला दगड होय!"

सगळ्या माना आईकडे वळल्या.

"आई, खाली बस ना..."

"बसू कायले? तू नागपुरात शिकून राह्यला होता, तवा तुह्या बाबानं चर्चच्या पायरीसाठी देल्ला. ते भोक गाय बांधाचं हाये!"

"अन् हा क्रूस?" मी शेवटचा हात मारून पाहिला.

"कायचा क्रूस! चिंचोके खेळाचा पट होय तो. चौथीत असतानी शाळा बुडवून बाबाच्या छिन्नीनं तूच तं कोरला. छिन्नीची धार गेली म्हणून मार खाल्ला, इसरला का?"

धरणीनं पोटात घेतलं असतं तर मी भाडंसुद्धा दिलं असतं! जोसेफभाऊ हातातली स्मरणिका पाठीमागं लपवू लागले. माझ्या उत्साहापायी त्यांची मान पार खाली गेली होती.

तेवढ्यात मेणबत्तीवाल्या आजी म्हणाल्या, "आमच्या चर्चांचा इतिहास मोठा आहे, बाबा. पण शेजाऱ्यानं आपल्या गोठ्यातला दगड दिल्याचं त्यात कुठं नाही. आमचं येशूबाळही गोठ्यातच जन्मलं की!"

टाळ्या! जोसेफभाऊंनी माझ्या आईच्या पायांनाच हात लावला. त्यांची मान वर झाली हो, माझ्या अकरा पानांशिवाय.

फादरांनी लगेच धर्मग्रामाचं रजिस्टर मागवलं आणि माझ्यासमोर लिहिलं, 'पायरीचा दगड: शेजारच्या गोठ्यातून. कोरीवकाम: इतिहासाचे मास्तर, इयत्ता चौथी, शाळा बुडवून.'

खाली साक्षीदार म्हणून आईनं सही केली!