कपाटात उरलेली हिरवी साडी

चारुलताबाईंनी आपल्या सगळ्या साड्या माहुलीच्या घाटावर नेऊन कृष्णेत सोडल्या, अशी बातमी त्या वर्षी फाल्गुनात साताऱ्याच्या आमच्या आळीत उठली. सकाळी दूधवाल्याच्या किटलीबरोबर आली तेव्हा ती एवढीच होती. दुपारच्या चहापर्यंत साड्यांच्या मागोमाग बाई स्वतःही कमरेइतक्या पाण्यात उतरल्या होत्या, आणि घाटावरच्या कुणा भल्या माणसानं त्यांना हाताला धरून बाहेर काढलं होतं.

बातमी साफ खोटी. त्या वेळी बाई घरात मेथी निवडत होत्या. साड्या नदीत गेल्या नव्हत्या, हरणाबाई बोहारणीच्या पाटीत गेल्या होत्या. आळीनं एवढ्यावर गप्प बसायला हरकत नव्हती. पण खरी हकिगत खोट्या बातमीहून वाईट निघाली. चारुलताबाईंनी घासाघीस केली नव्हती.

याचा अर्थ बाहेरच्याला कळायचा नाही. हरणाबाई जुन्या कपड्यांवर भांडी देणारी, साताऱ्यापासून मेढ्यापर्यंतच्या बायकांना पुरून उरलेली. पण चारुलताबाईंच्या पायरीवर बसायचं म्हणजे ती घरून भाकरी खाऊन निघायची. एका विटक्या पँटीवर बाईंनी तिच्याकडून झाकणाचा डबा काढला होता, आणि वर झाकण सैल बसतं म्हणून तिला जिन्यावरून परत बोलावली होती. त्या दिवशी मात्र बाईंनी साड्यांचा ढीग पायरीवर आणून ठेवला. हरणाबाईनं रिवाजाप्रमाणे आधी एक लहानसं पातेलं पुढं सरकवलं आणि भांडणाला तोंड फुटायची वाट बघत बसली. बाईंनी पातेलं उचललं, मान हलवली आणि आत निघून गेल्या.

हरणाबाईनं एकदा ढिगाकडे बघितलं, एकदा दाराकडे. मग आपल्या मनानं तिनं पाटीतला एक वाढायचा डाव काढून पायरीवर ठेवला आणि शेजारी बनुकाकूंकडे पाणी मागायला गेली.

"आवं काकू, बाईंचं लक्षण बरं न्हाई," ती म्हणाली. "एवढं कापड दिलं अन् तोंडातनं शबुद न्हाई. मागं मेढ्यात एका बाईनं असंच दिलं हुतं. म्होरल्या खेपेला गेले, तर दारात मंडळी बसल्याली."

बनुकाकू आळीतल्या थोरल्या. कुणाचं मरण जवळ आलंय हे त्यांना आधी कळतं, अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी ओळखलेली निम्मी माणसं अजून आळीत भाजी आणताना दिसायची, पण ती कोण मोजतो? त्या एवढंच म्हणाल्या, "आवराआवर चाललीय म्हणायची."

ही आवराआवर संध्याकाळी हरीच्या कानावर आली. हरी म्हणजे चारुलताबाईंचा नवरा. पाटबंधारे खात्याच्या कचेरीत कारकून, पन्नाशीचा, स्वभावानं गरीब. आपला रुमाल कुठं असतो हे त्याला लग्नाच्या आधी आईला आणि नंतर बायकोला विचारावं लागे. तो स्कूटर लावत होता, तेव्हा ओट्यावरून भाऊसोनं हाक मारली. भाऊसो पलटणीतून हवालदार होऊन आलेला; त्याला थट्टा केल्याशिवाय जेवण जात नसे.

"हरिभाऊ, घरात समदं ठीकठाक हाय न्हवं?"

"का रे?"

"न्हाई, पलटणीत माणूस सामान हलकं कराया लागला, की आमी वळखायचो, गड्याची बदली आली. कुटं, ते मातर कुणी सांगत न्हाईत."

भाऊसो हसला. हरीही हसला, पण जिना चढताना त्याला धाप लागली.

त्या घरातलं लोखंडी कपाट हा खरं तर नवरा-बायको दोघांचा मामला होता. ते कधी सरळ बंद व्हायचंच नाही. लग्नातले शालू, डोहाळजेवणाच्या साड्या, कुणाकुणाच्या मुंजीतले आहेर, मनात नसताना मिळालेले आणि दुसऱ्याला देऊन टाकू म्हणून ठेवलेले, असं सगळं दाबून दाबून भरलेलं. रोज सकाळी हरी खांद्यानं दार रेटायचा, चारुलताबाई किल्ली फिरवायच्या. "अजून थोडं." "एवढाच जोर आहे गं." "कचेरीत काय फायली उचलता का नुसत्या उघडता?" हे झाल्याशिवाय त्या घरात दिवस उजाडत नसे.

पण आई गेल्यापासून घर गप्प झालं होतं. हरीची आई सांगलीला गावभागात राहायची, ती कार्तिकात गेली. दिवस करून, तिथलं आवरून चारुलताबाई परतल्या त्या अबोल होऊन. दुपारी कपाटापुढं बसायच्या, एकेक साडी उलगडून उजेडाकडे धरायच्या, बाजूला टाकायच्या. कामवालीला काही दिल्या, अनाथाश्रमात काही गेल्या, उरलेल्या हरणाबाईच्या पाटीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरी नेहमीप्रमाणे खांदा लावायला पुढं झाला. चारुलताबाईंनी एका बोटानं दार ढकललं. ते लागलं.

"आता तुम्ही नाही आलात तरी चालेल," त्या म्हणाल्या.

आतले रिकामे हँगर एकमेकांवर आपटून किणकिणत होते.

"एवढ्या का दिल्यास?"

"कशाला लागतात?"

एवढंच बोलणं झालं. कचेरीत दिवसभर त्याला तेच ऐकू येत राहिलं.

दुपारी बाई गिरणीत गेल्याचं बघून तो घरी आला आणि त्यानं कपाट उघडलं. दाराला आता वजन राहिलं नव्हतं. ते आपणहून करकरत सगळं उघडलं. वरच्या कप्प्यात नेसणीच्या चार साड्या. खालचा कप्पा रिकामा, आणि त्याच्या अगदी मागच्या कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं. हरीनं गाठ सोडली. आत कोरी हिरवी इरकल होती. तिच्यावर हिरवा खण, हिरव्या काचेच्या बांगड्या, आणि घडीत तुळशीची वाळलेली डहाळी.

असं गाठोडं म्हणजे काय, ते सांगली-साताऱ्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. नवऱ्याआधी जाणाऱ्या सवाष्णीला शेवटचं न्हाऊ घालून हिरवी साडी नेसवतात. कुणी हौसेनं ती आधीच घेऊन ठेवतं. त्याविषयी घरात बोलत नाहीत. बोललं की मरण ते ऐकून येतं म्हणतात.

म्हणून हरीनं विचारलं नाही. त्यानं नुसती पाळत ठेवायला सुरुवात केली. जेवणाच्या सुट्टीत स्कूटर दामटत घरी यायचा, दारातून बायको दिसली की "चष्मा विसरला होता" म्हणायचा. चष्मा नाकावर असायचा. बंबाशेजारचा रॉकेलचा डबा त्यानं भाऊसोच्या माळ्यावर नेऊन ठेवला. त्याच आठवड्यात गॅस संपला, स्टोव्हला रॉकेल नाही, म्हणून सकाळचा चहा भाऊसोकडून आणायची पाळी आली. रात्री बायकोचा श्वास चालू आहे ना, हे बघायला तो उशीवर कोपर टेकून बसायचा.

"मेले नाही अजून," अंधारातून बाई म्हणायच्या. "झोपा."

ते 'अजून' ऐकून त्याची उरलेली झोपही उडायची.

शेवटी एका सकाळी त्यानं हिरवी साडी गाठोड्यातून काढून डब्याच्या पिशवीत घातली आणि पोवई नाक्यावर हरणाबाईला गाठलं. साडीच घरात नाही, तर नेसवणार काय, असा त्याचा हिशेब. कचेरीतल्या माणसाचा हिशेब तो. फाईल हलवली की प्रकरण मिटलं.

"ही घ्या. मला भांडं नको."

हरणाबाईनं हात मागं घेतला. "फुकट कापड घेत न्हाई मी, दादा. फुकट देत्यात ते मेल्या माणसाचं." मग त्याच्या चेहऱ्याकडं बघून तिनं पाटीतून एक छोटी स्टीलची डबी काढली आणि त्याच्या हातात कोंबली. "आता घेते."

डबी हरीनं स्कूटरच्या डिकीत दडवली. चार दिवस त्याला झोप लागली. भाऊसोच्या ओट्यावर बसून त्यानं एक विनोदही सांगून पाहिला; तो कुणाला कळला नाही, पण भाऊसो हसला.

पाचव्या दिवशी तो कचेरीतून आला आणि पाणी प्यायच्या आधी कपाटापाशी गेला. खालच्या कप्प्यात पांढरं गाठोडं पूर्वीसारखंच फुगलेलं होतं. त्यानं चाचपलं. साडी परत आली होती.

तो पलंगावर बसला. स्वयंपाकघरात फोडणी चुरचुरत होती, बाई गुणगुणत होत्या. त्यानं खाली जाऊन स्कूटरची डिकी बघितली. डबी गेली होती.

हे सगळं बनुकाकूंना त्याच्याआधी ठाऊक झालेलं. हरणाबाई सकाळी, हरी आंघोळीला गेला असताना, येऊन गेली होती. त्या दिवशी पहाटे घरी तिनं साडीची घडी मोडली, आतून तुळशीचं पान पडलं, आणि ती तशीच उठून निघाली. "ज्येचं त्येला," म्हणून तिनं साडी चारुलताबाईंच्या हातात दिली आणि आपली डबी मागून घेतली. नवऱ्याची दडवायची जागा बाईंना ठाऊक होती; त्यांनी खुंटीवरच्या त्याच्या शर्टातली किल्ली काढून डिकी उघडली आणि डबी दिली. रागावल्या नाहीत, हसल्या नाहीत. "राखलेलं लुगडं फिरून दारी आलंय," असं हरणाबाई जाता जाता म्हणाली. ते संध्याकाळपर्यंत आळीभर झालं. त्या दिवसापासून बायका चारुलताबाईंशी जरा जास्तच गोड बोलायला लागल्या, जसं परगावी निघालेल्या माणसाशी बोलतात.

चैत्र लागला. हरी खंगला होता. त्यानं रजेचा अर्ज दिला होता, कारण लिहायचा रकाना मोकळा सोडून.

त्या शुक्रवारी कचेरीतून निघायला उशीर झाला. आळीच्या तोंडाशी वळताना दिवे गेले. घराखाली येतो तर भाऊसो ओट्यावर नव्हता. जिन्यावर चपला होत्या. दारात चपला, पायरीपायरीवर चपला, सगळ्या बायकांच्या. वरून आवाज येत होते, पण दबके; एरवी या बायका एकत्र आल्या तर पोवई नाक्यावर ऐकू जाईल. दाराशी तांब्याचा गडू, तबकात नारळ, तांदूळ.

हरीनं कठडा धरला. कसाबसा वर गेला.

बाहेरच्या खोलीत समई तेवत होती. भिंतीला टेकून बायका बसल्या होत्या, बनुकाकू पुढं. सगळ्या आधी त्याच्याकडे आणि मग आतल्या दाराकडे बघायला लागल्या. आतल्या दारात पाठमोरी बाई उभी होती. हिरवी इरकल, नऊवारी, काष्टा घातलेला, हातात हिरव्या बांगड्या. त्या घरात नऊवारी नेसणारं कुणी नव्हतं. नेसायची ती त्याची आई.

आई न्यायला आली, एवढं त्याच्या मनात आलं आणि तो उंबऱ्यावर खाली बसला.

हिरवी बाई वळली. चारुलताबाईच होत्या. हातात आंब्याच्या डाळीचं पातेलं, हरणाबाईनं दिलेलं तेच.

"अहो, उंबऱ्यात काय बसता? हळदीकुंकू आहे आज. गौरीचं. सकाळी सांगितलं होतं की."

सांगितलं असेल. सकाळी तो तिच्या तोंडाकडे बघत होता, ऐकत नव्हता.

"चारू," तो इतक्या बायकांसमोर म्हणाला. "ती साडी सोड. काढून टाक ती."

"का?"

"कुणासाठी ठेवली होतीस, ते मला माहीत आहे."

"काय माहीत आहे तुम्हाला? तुमच्या आईची आहे ही." त्यांनी पातेलं खाली ठेवलं. "नऊवारी आहे, तेही दिसलं नाही? स्वतःसाठी राखली होती त्यांनी. मग मामंजी आधी गेले. विधवेला हिरवं कोण नेसवणार? राहिली ट्रंकेत. दिवस झाल्यावर वन्सं आणि जाऊबाईंनी आईंचं कपाट उघडलं. एकेक साडी अशी करकरीत. उचलली की घडीवर चिरत होती. पैठणी हातात घेतली तर चार तुकडे झाले. कधी नेसल्याच नाहीत त्या, ठेवून ठेवून गेल्या. ही एकच धड निघाली; दर वर्षी घडी बदलून तुळस घालत होत्या ना हिच्यात. मामंजी गेल्यावरसुद्धा. आणि हिला कुणी हात लावेना. म्हणून मी आणली. इथं येऊन आपलं कपाट उघडलं, तर निम्म्या साड्या तशाच. देऊन टाकल्या."

"पण बोलली नाहीस ते."

"तुमच्या आईच्या साड्या तुमच्यासमोर काय उलगडायच्या? नाव काढलं की डोळ्याला रुमाल लावत होता. तोही मीच शोधून द्यायचा."

बायकांत थोडी चुळबुळ झाली. बनुकाकू इतक्या सहजी हार मानणाऱ्या नव्हत्या. "ते असू दे गं. हरणाबाईशी घासाघीस का केली नाहीस?"

"दाढ ठणकत होती काकू. लवंग धरली होती तोंडात. शब्द काढला असता तर प्राण गेला असता."

शेवटच्या शब्दांवर सगळ्यांनी परत हिरव्या साडीकडे पाहिलं. समईची वात तडतडली. बनुकाकूंनी हळूच पुढं होऊन ती सारली. तेवढ्यात विझली असती तर पुढचं बोलणंच नको. हरी अजून उंबऱ्यावरच होता. हिरव्या काठाकडे बघत तो म्हणाला, "मरणासाठी राखलेली साडी अंगावर घेऊ नये, चारू. माझं ऐक. काही झालं म्हणजे?"

चारुलताबाईंनी डाळीची वाटी भरली आणि त्याच्या हातात दिली.

"आता नेसलेच आहे. आज गेले तर तुमचं नेसवायचं काम वाचलं, नाही गेले तर उद्या धुवायला टाकीन. डाळ खा, आणि तो रॉकेलचा डबा आधी घरी आणा."