बारा अनुसूची

तक्रारअर्ज, स्मरणपत्रं, नोटिसा — आयुष्यभर लिहीत आलो. ही एक हकीकत मात्र कोणालाही कळवलेली नाही. रागीट माणूस म्हणूनच तुम्ही मला ओळखता. ठीक आहे. पण रागाआड मी काय दडवलं, हे कधी विचारलंत?

मुलीनं परभणीहून प्रश्नमंजूषेची सीडी आणली होती. मुलांनी आणि घरच्यांनी मिळून संगणकावर खेळायचा खेळ. ज्याचं बटण आधी दाबलं जाईल, त्यानं उत्तर द्यायचं. माझी पत्नी सुमन — शिक्षण सातवी — प्रश्न पुरता वाचून व्हायच्या आत बटण दाबायची, आणि उत्तर चुकलं तरी पदर तोंडाला लावून हसायची. ते हसणं पुन्हा ऐकावं असं फार वाटतं.

एका रविवारी प्रश्न आला : राज्यघटनेत अनुसूची किती? मी न्यायालयात कारकून होतो; खात्याच्या परीक्षेसाठी दहा पाठ केल्या होत्या. सुमन म्हणाली, "बारा. मानवतला बचतगटाच्या शिबिरात सांगितलंय. अकरावीत पंचायतीची कामं हायत." खेळानं तिला गुण दिले.

"बाबा, कोर्टात आईलाच पाठवायला पाहिजे होतं," मुलगी म्हणाली. दोघी हसल्या. मी? मी संगणक बंद केला आणि कागद पुढे ओढला.

सीडी काढणाऱ्या कंपनीला लिहिलं की, सदर खेळ मुलांची दिशाभूल करतो. माझ्या अल्पशिक्षित पत्नीसही त्याने चुकीच्या उत्तराबद्दल गुण दिले आहेत. रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह. उत्तर आलं — बाराच, घटनादुरुस्तीच्या तपशिलासह. शेवटी एक ओळ होती : आपल्या पत्नीचे आमच्यातर्फे अभिनंदन करावे.

केलं का मी? पत्र फायलीत लावलं आणि स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं — कंपनीनं चूक कबूल केली, दहाच आहेत. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "असंल. मला काय कळतंय त्यातलं." त्यानंतर ती खेळायला बसायची, बटणाला हात लावायची नाही.

त्याच वर्षी गटातल्या बायका घरी आल्या. "वहिनी, पंचायतीला तुमीच उभ्या राहा. तुमच्याइतकं नीट आमाला कोण सांगतंय?"

"अनुसूच्या किती तेबी मला माहीत न्हाई," सुमन म्हणाली. "तिथं जाऊन काय बोलू?"

मी ओसरीवर होतो, फाईल हाताच्या अंतरावर. लोकांच्या खोट्या प्रतिज्ञापत्रांवर पानंच्या पानं खरडणारा मी — मला त्या दिवशी एकच वाक्य बोलायचं होतं. बोललो नाही. त्या जागेवर दुसरी बाई निवडून आली.

आता नात मोबाइलवर तसलाच खेळ खेळते. सुमन शेजारी बसते. काही उत्तरं तिला येतात. ओठ हलताना मला दिसतात, आवाज येत नाही. तिनं एकदा, चुकीचं का होईना, मोठ्यानं काही बोलावं म्हणून मी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवतो — आणि वाट पाहतो.

काल नात म्हणाली, "आजी, तू सांग ना."

"आबांना विचार."

नात माझ्याकडे वळली. मी उत्तर दिलं.