एसीखालची बादली

दुष्काळात लातूरला आमच्या गल्लीत एक जीपवाले काका होते. नाव कुणीच विचारलं नाही. रोज सकाळी जुन्या जीपचं बॉनेट उघडायचे, ऑइलची पट्टी बनियनला पुसायचे, बेल्ट अंगठ्यानं दाबून बघायचे. मग कोचिंग क्लासच्या एसीखाली ठेवलेल्या बादलीतलं पाणी रेडिएटरमध्ये ओतायचे.

"अभ्यासाचं पाणी हाय. इंजिन हुशार होतंय."

मग शेतातल्या बोअरवरून गल्लीसाठी ड्रम भरून आणायचे. एकदा मी सोबत होतो. परतताना इंजिन तापलं.

"ड्रममधलं घाला की तांब्याभर," मी म्हणालो.

"ते गल्लीचं हाय. जीपला जरा दम खाऊ द्या," म्हणत काका लिंबाखाली आडवे झाले.

मला कधीची तहान लागली होती. पण आता मागायची सोय राहिली नव्हती.