रमुलाबाईंच्या मापाचा डोंगा

देवगडहून निघताना शेजारच्या सुमनवहिनींनी दारातच अडवलं. "दारात समुद्र असताना होड्या बघायला गोंदियाला? भाऊजी, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?" चित्रकलेचा मास्तर म्हणून निवृत्त झाल्यापासून मी होड्यांची चित्रं काढत हिंडतो. आजोबा होड्या बांधायचे, त्यामुळे होडीतलं मला सगळं कळतं असा माझा समज होता. होता, हे आधीच सांगून ठेवतो.

गोंदिया स्टेशनबाहेर पाऊल टाकलं आणि मराठी एकदम अंग चोरून बसली. रिक्षावाला हिंदीत, चहावाला हिंदीत, मीसुद्धा मोडक्यातोडक्या हिंदीत. राइस मिलच्या भिंतींमागून भाताच्या तुसाचा कोरडा वास येत होता. कामठ्याला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे सासरे राहतात, धनलालजी. पोवार शेतकरी, उंचेपुरे, बोलायला रोखठोक. घरात पोवारी बोलतात, माझ्याशी मात्र सावकाश, बहिऱ्याशी बोलावं तसं मराठीत, आणि मनातलं काही बोलायचं झालं की हिंदीत. रात्री जेवायला भात, लाखोरीची (लाख नावाच्या कडधान्याची) डाळ आणि नदीच्या माशाचं जवस वाटून केलेलं आंबट कालवण. खोबऱ्याचा पत्ता नाही. पहिला घास मी कोकणी नाक मुरडूनच घेतला, आणि मग तीनदा भात मागून घेतला.

सकाळी धनलालजींनी मोटारसायकलवरून बाघनदीवर नेलं. पौषातली थंडी. धान निघून गेलेल्या बांध्यांत (भातखाचरांत) लाखोरीची निळसर फुलं होती. नदी रुंद, उथळ, घाई नसलेली, आणि पलीकडचा काठ मध्य प्रदेशाचा. अलीकडे वाळूत दोन ओंडक्यांवर नवा डोंगा ठेवला होता. सात-आठ हात लांब, तळ सपाट, दोन्ही टोकं जराशी उचललेली.

तो बांधणारे पतीरामभाऊ मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातले, साठीच्या पुढचे. बोटं हातातल्या तासणीच्या दांड्यासारखीच चिवट. मी डोंग्याभोवती एक चक्कर मारली आणि न राहवून बोललोच, "याला पठाण कुठे आहे?" पठाण म्हणजे होडीच्या तळाचा लांब कणा. आमच्याकडे त्याशिवाय होडीला होडी म्हणत नाहीत.

"ते कायले पायजे, गुरुजी?" पतीरामभाऊ म्हणाले. "तुमची होडी पानी कापते. आमचा डोंगा पान्यासंगं जाते."

मग त्यांनी समजावलं. डोंगा प्रवाहात आडवा धरायचा आणि वाहू द्यायचा. एकाने मागे उभं राहून बांबूने त्याला आडवा ठेवायचं, दुसऱ्याने कडेने जाळं सोडायचं. पाणी, डोंगा, जाळं सगळं एकाच चालीने गेलं की माशाला संशय येत नाही. मी वही काढली.

बांबू आजवर त्यांचा धाकटा भाऊ धरायचा. तो कामासाठी हैदराबादला गेला आणि जुना डोंगा गेल्या पुरात फुटला. "एकट्याचा काम नाई जी हा. एका हातानं बांबू अना एका हातानं जारा (जाळं), कसा करता?" आता बांबू त्यांची बायको रमुलाबाई धरणार होत्या. इथे बाया मासोळी विकतात, डोंग्यावर उभ्या राहत नाहीत. गावात त्यावरून थट्टा चालली होतीच.

धनलालजींनी परतताना मला उरलेलं सांगितलं. बाईंना जमलं तर ठीक. नाही जमलं तर डोंगा धनलालजी आपल्या तळ्यासाठी घेणार, आणि पतीरामभाऊ गोंदियाला राइस मिलमध्ये चौकीदार म्हणून जाणार. शब्द दिला-घेतलेला होता. "उसके बाद वो नदी पे काहे को आएगा?" धनलालजी म्हणाले. आवाजात आनंद नव्हता, पण डोंगा मात्र त्यांना मनापासून आवडला होता.

त्या पहिल्याच दिवशी, परतण्याआधी, मी एक गोष्ट पाहिली, तिच्यासाठी एवढा प्रवास वसूल झाला. रमुलाबाई बाजारातून परत आल्या. लहान चणीच्या, काटक. डोक्यावरचा टोपला (टोपली) उतरवून खाली ठेवतात न ठेवतात तोच पतीरामभाऊंनी त्यांना ओल्या राखेत पाय बुडवायला लावले आणि डोंग्याच्या मागच्या फळीवर उभं केलं. राखेचे दोन ठसे उमटले. त्या उतरून गेल्यावर पतीरामभाऊंनी पटाशी घेतली आणि ठशांच्या रेषेवर लाकूड कोरायला सुरुवात केली. बोटभर खोल, टाच, चवडा, अंगठा, सगळं जिथल्या तिथे.

"ज्याच्या हातात बांबू, त्याचे पाय लाकडात," ते म्हणाले. "घसरला तं मग का फायदा?" जुन्या डोंग्यात भावाचे पाय होते. त्याच्या खाचांत दुसऱ्या कुणाला नीट उभंच राहता यायचं नाही म्हणे. मी भारावून गेलो. आमच्या आजोबांनी शेकड्यांनी मापं घेतली असतील, पण माणूस कसा उभा राहतो याचं माप कधी घेतलं नव्हतं.

बाई फळीवर उभ्या होत्या तेवढ्यात मी त्यांचं चित्र काढलं होतं. एक पाय चांगलाच पुढे, बोटं बाहेर वळलेली, मान ताठ, कंबर जराशी एका बाजूला. रात्री पाहिलं तर ते मला विचित्र वाटलं. उभा माणूस आधी तोलात काढा, असं मी मुलांना जन्मभर सांगत आलो. खोडरबर घेतलं, पाय सारखे केले आणि मान-कंबर सैल केली.

दुसरा दिवस राळेत गेला. देवरीकडच्या जंगलातली राळ तेलात उकळून, तिच्यात कापसाच्या वाती भिजवून फळ्यांच्या फटींत ठोकायच्या. मीही ठोकल्या. राळ माझ्या मिशीला लागली, ती निघेना. रमुलाबाईंनी राख आणि गोडं तेल दिलं आणि पदर तोंडाला लावून हसून घेतलं. "राहू द्या जी गुरुजी, आता मिशीतून पानी नाई गळत."

तिसऱ्या दिवशी डोंगा पाण्यात गेला. हळदकुंकू झालं, नारळ फुटला. काठावर बरीच माणसं जमली होती आणि त्यातली निम्मी हसायलाच आली होती. डोंग्यात थेंबभर पाणी शिरलं नाही. पतीरामभाऊ पुढे जाळं घेऊन बसले. रमुलाबाई खाचांत पाय रोवून उभ्या राहिल्या, बांबू टेकला, आणि डोंगा एका बाजूला असा कलला की त्या थेट पाण्यात.

पाणी गुडघाभर होतं, पण हसू काठभर पसरलं. दुसऱ्यांदा डोंग्याने गिरकी घेतली. तिसऱ्यांदा बांबू चिखलात राहिला आणि डोंगा पुढे गेला.

पतीरामभाऊ उतरले. चेहरा पडला होता. "पायच चुकले माझे," ते म्हणाले. "असा कोन उभा राहते? माझ्या डोऱ्यालेच दिसला नाई." त्यांनी पटाशी आणायला सांगितली. पण कोरलेलं लाकूड परत भरून येत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. धनलालजी वाळूकडे बघत उभे होते. मला रडूच यायचं बाकी होतं.

रमुलाबाई लुगडं पिळत खाचांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "थांबा जी. पाय माझेच हायेत. टोपला द्या माझा."

"कायले वो?"

"बाजारातून आल्या आल्या उभी केली तुमी मले. तीस वर्सं टोपल्याखाली उभी राहून राहिली मी. टोपल्याबिगर मले उभं राहताच येत नाई."

"अहो, डोक्यावर ओझं घेऊन होडीत उभं राहतात का कधी?" मी ओरडलो. "उलटेल!" माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, ते बरंच झालं. त्यांनी चुंबळ ठेवली, तिच्यावर रिकामा टोपला ठेवला आणि डोंग्यावर चढल्या. मान ताठ झाली. कंबर एका बाजूला आली. पाय खाचांत बसले, जणू तिथेच वाढले होते. बांबू टेकला. डोंगा सरकला, आडवा झाला आणि तसाच, पाण्याच्या चालीने, वाहू लागला. जाळं कडेने सुटत गेलं.

काठावर कुणी हसलं नाही. डोंगा वळणापर्यंत गेला आणि पाऊण तासाने काठाकाठाने बांबू रेटत परत आला, तेव्हा टोपला अजून डोक्यावरच होता. त्यात दोन रोहू आणि एक बाम (वाम) होती. पतीरामभाऊ बायकोकडे बघत होते. असं बघताना मी साठीच्या माणसाला फार वेळा पाहिलेलं नाही.

"मेरा तलाव बिना डोंगे का ही ठीक है," धनलालजी म्हणाले आणि मोटारसायकलला किक मारली.

परतीच्या गाडीत मी वही उघडली. रमुलाबाई पानावर उभ्या होत्या, दोन्ही पाय सारखे, मान सैल, मी शिकवतो तशा अगदी तोलात. आणि साफ खोट्या. पान खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं तेव्हा खोडलेल्या रेषा अजून दिसत होत्या: पुढे टाकलेला पाय, बाहेर वळलेली बोटं. घरी सुमनवहिनींनी पहिलं विचारलं ते मिशीतल्या राळेबद्दल, आणि मग म्हणाल्या, "एवढ्या लांब जाऊन एकच चित्र? आणि तेही खाडाखोड केलेलं?" मी त्यांना बसायला सांगितलं, पेन्सिलीला टोक केलं आणि त्यांच्या देखत जुन्या रेषा पुन्हा गडद करायला घेतल्या. टोपला सगळ्यात शेवटी काढला.