खंडेनवमीला चाललेला माग

आधीच सांगून टाकते — मी कॉलेजात फिजिक्स शिकवते, आणि भुताखेतांचा विषय निघाला की स्टाफरूममध्ये सगळ्यात मोठ्यानं हसणारी मीच असते. रस्त्यात लिंबू-मिरची पडलेली दिसली तर मी मुद्दाम त्यावरून स्कूटी नेते. तेव्हा वाचकांच्या गूढ अनुभवांच्या या सदरात आपण कधी काही लिहू असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण गेल्या खंडेनवमीला जे झालं त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही... आणि ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनाही सापडलेलं नाही. तुम्ही बघा प्रयत्न करून.

जुळे सोलापुरात आमचा फ्लॅट आहे, तिसरा मजला. घरात मी आणि अव्वा, म्हणजे माझी आई. घरात आम्ही कन्नड बोलतो, बाहेर मराठी, आणि भांडताना दोन्ही. अव्वा कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीची, त्यामुळे तिची मराठीही तिकडचीच. माझे वडील — अप्पा — विणकर. साखर पेठेत आमचं जुनं घर होतं, पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत आम्ही. चादरी विणायचे. तो माग जरा लंगडा होता. खटक-फटक, खटक-फटक असा छान चालायचा आणि मधेच एक ठोका अडखळायचा... मग परत सुरू. किती जणांनी सांगितलं की दुरुस्त करून घ्या. अप्पा म्हणायचे, "असू दे की. त्याची चाल हाय ती."

पुढे अप्पांना दम लागायला लागला, माग बंद झाला आणि शेवटी भंगारात गेला. घर सोडून आम्ही इकडे आलो. इथे आल्यावर काही वर्षांनी अप्पा गेले. त्यांच्या मागाची एकच वस्तू अव्वानं ठेवली आहे — धोटा. तोच तो, सुताची कांडी घालून ताण्याच्या उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे धावणारा लाकडी धोटा. तो आमच्या देवघरात असतो, महादेवाच्या पिंडीशेजारी. मी नास्तिक असले तरी त्याला रोज हात लावून कॉलेजला जाते. अव्वाला वाटतं मी पिंडीला हात लावते, आणि मी तिचा गैरसमज दूर केलेला नाही.

आता मूळ गोष्ट. माझी पीएचडी रखडली होती. किती वर्षं ते विचारू नका, जाहीर सदर आहे. माझा विषय ताऱ्यांचा. ताऱ्याचा प्रकाश पसरला की रंगांचा पट्टा मिळतो आणि त्या पट्ट्यात बारीक काळ्या रेघा असतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या. कुठली रेघ किती गडद, यावरून त्या ताऱ्यात लोखंड किती, कॅल्शियम किती, हे काढता येतं. अप्पांना मी हे एकदा समजावलं होतं. ते बराच वेळ तो पट्टा बघत बसले आणि म्हणाले, "म्हंजे तुटलेला धागा बघून सांगता की तुमी!" त्यानंतर गल्लीत कुणीही भेटलं की सांगायचे, "आमची महानंदा आभाळातल्या कापडाचे धागे मोजती." मला लाज वाटायची, आणि आवडायचंही.

दसऱ्यानंतर लगेच माझं प्रगतीचं सेमिनार होतं. मुदतवाढ संपलेली. मी निवडलेल्या ताऱ्यातलं लोखंड काढून दाखवलं नाही तर रजिस्ट्रेशन रद्द, सगळं मुसळ केरात. आणि ते काढण्यासाठी जे सॉफ्टवेअर लागतं ते माझ्या घरच्या डेस्कटॉपवर इन्स्टॉल व्हायला तयार नव्हतं.

मंडळी, इन्स्टॉल म्हणजे मोबाईलवर ॲप घेतो तसं नव्हे. हे जुन्या फोरट्रान भाषेत लिहिलेलं सॉफ्टवेअर. सगळा कोड आपणच आपल्या मशीनवर कम्पाइल करायचा, म्हणजे मशीनला चालवता येईल अशा रूपात आणायचा. त्याला आलेख काढायला एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, लागते, त्या लायब्ररीला दुसरी, दुसरीला तिसरी... आणि तिसरीचं माझ्या मशीनशी वाकडं. नवरात्रभर मी त्याच्याशी झुंजत होते. दर वेळी बराच वेळ गुरगुरून शेवटी तीच एरर. पुण्याच्या माझ्या गाइड सरांनी फोनवर जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. फोरम पालथे घातले. झोप उडाली ती उडालीच. रात्रभर डोळे टक्क, आणि वर्गात शिकवताना जांभया.

खंडेनवमीचा दिवस उजाडला. सकाळी पुन्हा कम्पाइल लावलं होतं. अव्वा हळदीकुंकवाचं ताट आणि झेंडूचा हार घेऊन दारात उभी.

"महानंदे, उठ. मशीन बंद कर. पूजा करायची हाय."

"अव्वा, चालू असतानाच लाव ना कुंकू. त्याला काय कळतंय?"

"कळतंय! वर्षातून एक दिवस यंत्राला सुट्टी. आज पूजा, उद्या दसऱ्याला चालू. तुझ्या अप्पानं कदी मोडलं का हे?"

"नाही मोडलं. माहीत आहे मला. अप्पांनी खंडेनवमीला कधीच माग लावला नाही."

इथे ती का कोण जाणे नजर ताटाकडे वळवून कुंकवात बोट फिरवत राहिली. मी भांडायच्या तयारीत होते, पण तेवढ्यात स्क्रीनवर पुन्हा तीच एरर आली. मी हात टेकले. त्या एररचा मोबाईलवर फोटो काढला, सरांना पाठवला आणि मशीन बंद केलं.

अव्वानं स्वतः प्लग काढला. वायर गुंडाळून सीपीयूवर ठेवली. कुंकू लावलं, हार घातला, आणि देवघरातला धोटा आणून हारात आडवा ठेवला. "ह्ये पण यंत्र, ते पण यंत्र," म्हणाली. नमस्कार करताना तिनं मलाही वाकायला लावलं. मी वाकले. आईपुढे फिजिक्सचं काही चालत नाही.

मग फ्लॅटला कुलूप लावून आम्ही दोघी वळसंगला अक्काकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे जेवायला गेलो. किल्ली माझ्या पर्समध्ये. दुसरी किल्ली नाही. तिथे पुरणपोळी झाली, आणि जेवणानंतर मी अक्काच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, नुसती पाठ टेकली ती थेट उन्हं कलल्यावरच उठले. कित्येक दिवसांत अशी झोप लागली नव्हती. अक्का हसत होती — "किती हाका मारल्या! च्या दोनदा गरम केला की गं तुझ्यासाठी."

संध्याकाळी परत आलो तर जिन्यातच खालच्या मजल्यावरचे नरसय्याकाका भेटले. ते तेलुगू विणकर, आता निवृत्त. आमच्या साखर पेठेतल्या घरी ते कधी आलेले नाहीत. आमची ओळख इथलीच, अप्पा गेल्यानंतरची.

"काय टीचर," ते म्हणाले, "आज पण माग चालू ठेवला तुमी? आज तर बंद ठेवायचा असतो ना?"

"माग? काका, आमच्याकडे कुठला माग?"

"तेच मी म्हणतो! फ्लॅटमदी माग कसा? पण जेवून आडवा झालो, तर वरती माग चालू. सगळी दुपार! मला काय माग ओळखू येत नाही का, जिंदगी गेली माझी त्याच्यात. आणि टीचर, रिपेर करून घ्या तो. असा वाजतो बगा..." आणि त्यांनी जिन्याच्या कठड्यावर बोटांनी वाजवून दाखवलं. खटक-फटक, खटक-फटक... आणि मधेच एक ठोका अडखळला.

ती चाल अप्पांच्या मागाची; मी वळून अव्वाकडे बघितलं. अव्वा मात्र शांत होती. "बघतो भाऊ, बघतो," म्हणाली आणि माझ्या हातातून किल्ली घेऊन वर गेली.

दाराला कुलूप तसंच. आत सगळं जसंच्या तसं. हार, कुंकू, गुंडाळलेली वायर. अव्वानं धोटा उचलला, तळहातावर धरला आणि माझ्या हातात दिला.

तो कोमट होता.

तुम्ही म्हणाल ऊन लागलं असेल. ती खोली पूर्वेची आहे, दुपारनंतर तिथे ऊन येत नाही. दिवसभर चाललेल्या मागातून काढलेला धोटा कसा लागतो ते मला लहानपणापासून माहीत आहे. अगदी तसाच लागला.

"अव्वा... हे काय आहे?"

"काय न्हाय. आज हात लावू नको मशीनला. उद्या बघ." तिनं धोटा परत हारात ठेवला आणि दिवा लावायला गेली. मी एवढी घाबरले होते की मुकाट्यानं ऐकलं.

दसऱ्याच्या सकाळी मी प्लग लावला. मशीन सुरू झालं. म्हटलं, पहिल्यापासून कम्पाइल लावू. त्याआधी सवयीनं सॉफ्टवेअरचं नाव टाइप करून एंटर दाबलं... आणि ते चालू झालं. एरर नाही, काही नाही. माझ्या ताऱ्याची फाईल दिली, तर आलेखाची खिडकी उघडली आणि त्यात लोखंडाच्या रेघा एकेक करून उमटत गेल्या. मी खुर्चीत बसून घळाघळा रडले, हे कबूल करायला मला आता लाज वाटत नाही.

मग भीत भीत फाईलींच्या वेळा बघितल्या. ती तिसरी लायब्ररी, जी नवरात्रभर झाली नव्हती, ती तयार झाल्याची वेळ होती आदल्या दिवशीची, खंडेनवमीच्या दुपारची. प्लग सीपीयूवर गुंडाळून ठेवलेला असतानाची.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "वा! काय बदललंत?" काय सांगणार? म्हटलं, "काही नाही सर, मशीनला एक दिवस सुट्टी दिली." ते हसले. नंतर कॉलेजातल्या आमच्या कम्प्युटरवाल्या सरांनी घरी येऊन मशीन तपासलं. "मॅडम, घड्याळ चुकलं असेल," म्हणाले. घड्याळ बरोबर होतं. "मग आधीच कम्पाइल झालं असेल, तुम्ही पाहिलं नसेल." मी त्यांना एररचा फोटो दाखवला. त्यांनी चहा संपवला आणि विषय बदलला.

दसऱ्याच्याच दिवशी, आपट्याची पानं देऊन मी अव्वाच्या पाया पडले तेव्हा तिला म्हटलं, "अव्वा, समजा... नुसतं समजा हं... की ते अप्पा होते. पण अप्पांनी तर खंडेनवमीला कधीच माग लावला नाही ना?"

ती हातातल्या पानांकडे बघत म्हणाली, "एकदा लावला हुता."

"काय?"

"तू तान्ही हुतीस. मागाच्या आवाजात जन्मलेली पोर, आवाज थांबला की जागी व्हायचीस. त्या खंडेनवमीला माग बंद, तुला ताप आलेला, आन् रडून रडून लालबुंद झालीस. झोप म्हणून न्हाय. कुणाच्याच खांद्यावर राहीना. मग ह्यो उठला, पूजेचा हार बाजूला केला आन् माग लावला. बिनकांडीचा, रिकामाच. समदी दुपार. तू झोपलीस."

"आणि मग?"

"मग काय. ताण्याचे लई धागे तुटले. दसऱ्याला दिवसभर जोडत बसला. मी बोलले त्याला, सणाचं असं करत्यात व्हय? तर म्हणला, देवाला सांगतो मी, पोरीला झोप पायजे हुती." तिनं पदरानं डोळे पुसले. "दोनदा झालं बघ तुझ्यापायी."

अक्काच्या सोप्यात मी किती गाढ झोपले होते, ते मला तेव्हा आठवलं.

सेमिनार पार पडलं, रजिस्ट्रेशन वाचलं. ताऱ्यात लोखंड किती ते मी सांगू शकते, पण त्या दुपारी आमच्या बंद घरात काय चाललं होतं ते सांगू शकत नाही. लायब्ररी कशी झाली, आवाज कसला, धोटा कोमट का... मी सगळ्या बाजूंनी विचार केला. नाही कळलं. भुतांवर माझा अजूनही विश्वास नाही. अप्पांवर मात्र आहे, आणि या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा तेही मला माहीत नाही.

आता पुन्हा नवरात्र जवळ आलंय. थीसिसचं शेवटचं प्रकरण बाकी आहे आणि माझी झोप परत उडायला लागली आहे. काल अव्वा चहा देताना म्हणाली, "महानंदे, यंदा तुझं ते काम खंडेनवमीच्या आधीच उरक. आन् रात्री वेळेवर झोपत जा. बिचाऱ्याला यावर्षी तरी सुट्टी मिळू दे की."