शेवटच्या अक्षरातली फुंकर

आमच्या मामाचा धंदा अक्षरं वाकवण्याचा. चौकातल्या लाल-निळ्या झगझगीत जाहिरातींच्या काचेच्या नळ्या तो ज्योतीवर तापवून वळवायचा. त्या चौकाचे फोटो लोक जगभर घेऊन जातात, पण ही अक्षरं कुणी केली, हे एकाही शहाण्याने कधी विचारलं नाही.

मामाच्या वडिलांच्या काळी तिथे लाकडी फळ्यांवर साधे बल्ब असत आणि उडालेले बल्ब ते शिडीवर चढून बदलत. मग निऑन गॅसच्या नळ्या आल्या, तसे मामाचे दिवस आले. टायर, घड्याळं, साबण, एकेक छप्पर उजळत गेलं. आता बहुतेक ठिकाणी मोठाले पडदे लागलेत, सारखे हलणारे. बघून डोकं उठतं. माझं तरी उठतं.

तापलेली नळी वळवताना चपटी होते. ती गोल राहावी म्हणून टोकाला रबरी नळी लावून आत फुंकर मारायची, तीही बेताची. मामाची छाती कामातून गेल्यापासून हे काम मामीकडे आलं. ज्योतीपुढे मामा बोलायचा नाही. टाच एकदा आपटली की फुंक, दोनदा आपटली की बस.

"लोकांच्या बायका नवऱ्याचे कान फुंकतात," मामी म्हणायची, "माझ्या नशिबी काच आली."

साबणाच्या जाहिरातीची अख्खी ओळ त्या दोघांनी अशी केली. तिच्यातलं शेवटचं अक्षर, दोन वळशांचं, हे त्यांचं शेवटचं काम. हिवाळ्यात मामी न्यूमोनियाने गेली आणि थोड्याच दिवसांत ते अक्षर लुकलुकायला लागलं. उजळायचं, मंदावायचं, पुन्हा उजळायचं, धाप लागलेल्या माणसासारखं.

मामा रोज संध्याकाळी समोरच्या बाकावर जाऊन बसू लागला. एकदा मी त्याला घरी न्यायला गेले. दिवे नुकतेच लागले होते. मामाने टाच आपटली, अक्षर उजळलं. दोनदा आपटली, विझलं.

"मामा, योगायोग असेल रे."

"असेल की. पंपाने हवा काढल्याशिवाय गॅस भरता येत नाही. नळीत कुणाचा श्वास राहत नाही, हे तू मला शिकवू नकोस."

एवढं बोलून त्याने पुन्हा टाच आपटली, अक्षर पुन्हा उजळलं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, खोटं कशाला सांगू?

मग साबणवाल्यांचा मॅनेजर मामाच्या कारखान्यात आला. "काका, ते अक्षर नीट करा, नाहीतर सगळं उतरवून पडदा लावतो. लोक हसतायत आम्हाला."

इकडे आड, तिकडे विहीर. दुरुस्त केलं तर ती लुकलुक जाणार. नाही केलं, तर मामीने फुंकलेली सगळी ओळच भंगारात. मामा दोन दिवस नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "उतरवून आणा ते."

नळीला टोकाशी बारीक चीर गेली होती. तेवढा तुकडा कापून नवा जोडायचा होता. मामाने काच कापली तेव्हा बाहेरची हवा कुणी श्वास घ्यावा तशी आत ओढली गेली. मामा कान लावून ऐकत राहिला. खोलीत ज्योतीचाच काय तो आवाज उरला, तरी त्याचा कान तिथून हलला नाही.

"फुंक तू," शेवटी तो मला म्हणाला.

रबरी नळीच्या टोकाला दातांच्या खुणा होत्या. माझे दात त्यांत काही बसेनात. मी फुंकलं. काच जुळली.

संध्याकाळी अक्षर वर चढलं आणि लख्ख पेटलं, जराही न हलता. "बघा, कसं नव्यासारखं झालं!" मॅनेजर खुशीत म्हणाला. मामा बराच वेळ वर बघत होता. ते अक्षर काही मंदावलं नाही.

घरी आल्यावर त्याने मला माझ्या आईला फोन लावायला सांगितला. मी फोन त्याच्या कानाला धरला.

"ताई," तो म्हणाला, "ही गेली गं. आत्ताच, संध्याकाळी."

मामीला शेवटचं न्हाऊ घालणारी माझी आईच.

"येते मी लगेच," आई म्हणाली.