ट्रॉलीवाल्याची होडी

नव्वदच्या दशकात मंचरला माझं वेल्डिंगचं दुकान होतं. कांद्याच्या ट्रॉल्या करता करता मी स्वतःला लोखंडातला महापंडित समजू लागलो होतो. कुणी विचारो न विचारो, मी सांगायचो, लाकडाचा जमाना संपला.

धाकटी बहीण डिंभ्याला दिलेली. धरण झालं, जमीन पाण्यात गेली आणि दाजी शेतकऱ्याचे होडीवाले झाले. होडी आंब्याच्या फळ्यांची, त्यांनीच केलेली. चार दिवसांआड कुठूनतरी पाझरायची. मग बहीण फटीत चिंध्या कोंबायची, वरून डांबर फासायची. तिला पोहता येत नव्हतं आणि मासे विकायला रोज त्याच होडीतून जायचं होतं. मला तिची काळजी वाटायची, हे खरं. मला माझी कला मिरवायची होती, हे जास्त खरं.

"दाजी, जगातली जहाजं कवाच लोखंडाची झाली. तुमी अजून आंब्यातच?"

"आंबा बुडाला तरी वर येतोय, पावणं. तुमचं लोखंड येतंय व्हय?"

अडाण्याशी काय वाद घालायचा! महिनाभरात मी होडी उभी केली. सांधा न् सांधा दोनदा वेल्डिंग, वर निळा रंग, आणि ट्रॉलीला लावतो तसे मागे लाल रिफ्लेक्टर. धरणात मागून कोण येऊन धडकणार होतं, देव जाणे.

ट्रॅक्टरवरून होडी डिंभ्याला नेली. गाव जमलं, नारळ फुटला. होडी पाण्यात गेली आणि चक्क तरंगली. "तुमी बसा की राव," कुणीतरी म्हणालं. मी काठावरूनच देखरेख करणार होतो. लोखंडावर माझा पूर्ण विश्वास होता, फक्त पोहता मलाही येत नव्हतं.

"माझ्या भावानं केलीया, पयली मीच बसणार," म्हणत बहीण मागच्या फळीवर बसली. दाजी पुढे वल्हं मारत होते. पलीकडचा काठ गाठून दोघं परत आली. मी हात हलवला, तिनं नुसती मान हलवली. पाय काही जागचे हलवले नाहीत. मला वाटलं, भावाच्या कर्तृत्वानं भारावलीय. लोकांनी मला हार घातला.

होडी काठाला लागली तरी ती उतरेना. "आधी समद्यांना जाऊ दे," म्हणाली. लोक पांगल्यावर तिनं टाचा उचलल्या आणि तळातून पाण्याच्या दोन धारा उसळल्या. बोट जाईल एवढी दोन भोकं. ओल्या कांद्याचं पाणी निथळावं म्हणून प्रत्येक ट्रॉलीच्या तळाला मी मागच्या बाजूला पाडतो तशीच. डोकं जहाजांवर भाषण देत होतं, हात आपली ट्रॉली करत होते.

"अगं, ओरडली का न्हाईस?"

"वरडले असते तर गाव तुला हसलं असतं, दादा."

तिच्या दोन्ही टाचांवर भोकांच्या कडा गोल उमटल्या होत्या, एकीतून रक्त येत होतं. मला रडू आवरेना. गळ्यातला हार काढायचंही सुचलं नाही.

जुन्या होडीतून दाजींनी चिंध्या आणि डांबराचा डबा आणला आणि माझ्या हातात दिला.